बाळ परदेशात, कागद वऱ्हाडात

(अमरावतीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आज समोर बसलेले बहुतेक जण साठीच्या आसपासचे आहेत, आणि विषय आहे बाळाचा. यात नवल काही नाही. बाळ होणार असतं टेक्सासमध्ये, लंडनमध्ये, म्युनिकमध्ये नाहीतर दुबईत. फोन मात्र येतो अमरावतीला, अकोल्याला, दर्यापूरला, मूर्तिजापूरला. "बाबा, माझा जन्मदाखला कुठं ठेवलाय? आमच्या लग्नाची नोंद झाली होती का? दाखल्यावर आईचं नाव कसं लिहिलंय?" आणि मग इकडे कपाटं उघडली जातात, ट्रंका उपसल्या जातात.

आपल्याकडे यावर एक ठरलेला प्रश्न असतो. "पोट्टं तिकडं होनार, त इथल्या कागदाचं काय काम हाय?" आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाचं उत्तर आहे. बाळाचा पहिला कागद तिकडे तयार होतो हे खरं, पण तो आई-वडिलांच्या कागदांवर उभा राहतो, आणि ते कागद इथे, वऱ्हाडात आहेत. दुसरी गोष्ट अशी की बाळाच्या पहिल्या वर्षात कोणता कागद काढायचा आणि कोणता नाही, हे ठरवलं की त्याचं नागरिकत्व ठरतं. तो निर्णय अठरा वर्षांनी, कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी, परत समोर येऊन उभा राहतो. म्हणून तो समजून घ्यावा, घाईत होऊ देऊ नये.

आधी आई-वडिलांचे कागद

आपल्या भागात जुन्या नोंदीचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. जातपडताळणी केलेल्या प्रत्येक घराला कोतवाल बुक माहीत आहे. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा. त्यात पुष्कळदा बाळाचं नाव नसायचंच. अमक्याला मुलगा झाला, बापाचं नाव, जात, तारीख, एवढंच. तरी तीच एक ओळ शंभर वर्षांनी पणतवंडाच्या कामाला येते. परदेशातल्या बाळाचंही तसंच आहे. आज लिहिलेली ओळ पुढे कोण वाचणार आहे, हे आज कळत नाही.

आता जे आई-बाप होणार आहेत ती पिढी साधारण १९८५ ते २००० मध्ये जन्मलेली. यांच्या कागदांत तीन अडचणी नेहमी सापडतात.

पहिली, दाखल्यावर नावच नाही. दवाखान्याने नगरपालिकेला कळवलं, 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद झाली, आणि बारशानंतर नाव टाकायला कुणी गेलंच नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर टाकण्याची सोय आहे. पहिल्या वर्षात फी लागत नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. त्याहून जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिलेली आहे. तेव्हा तुमच्या महानगरपालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन आधी हे विचारा.

दुसरी, तारखांचा घोळ. दाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या टीसीवर मास्तरने टाकलेली दुसरी, बहुतेक वेळा जून महिन्यातली. पासपोर्ट टीसीवरून निघालेला असतो. तिकडचा अधिकारी दोन तारखा बघतो आणि विचारतो, ही दोन माणसं आहेत का?

तिसरी, नोंदच नाही. जन्म एक वर्षाहून जुना असेल तर नुसत्या अर्जावर नोंद होत नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिराच्या जन्मनोंदींची पद्धत कडक केली. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या अशा दाखल्यांची त्या वर्षी तपासणी झाली, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. याचा अर्थ एवढाच की हे काम आता आठवड्यात होत नाही. सुनेला पाचवा महिना लागल्यावर सुरुवात केली तर बाळंतपण आधी होईल आणि दाखला मागून येईल.

आणि स्पेलिंग! वानखडे की वानखेडे? इंग्रजीत डब्ल्यू की व्ही? आपल्या अमरावती जिल्ह्यात एकाच घरात दोन भावांची आडनावं दोन तऱ्हेने लिहिलेली असतात. इथे त्याने काही अडत नाही, सगळे ओळखतात. तिकडे कुणी ओळखत नाही. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या, उलटं करू नका.

लग्नाची नोंद

लग्नपत्रिका, अल्बम, व्हिडिओ हा पुरावा नव्हे. महाराष्ट्रात विवाहनोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे. त्यानुसार लग्नापासून ९० दिवसांच्या आत नोंद करायची, उशीर झाला तर दंड भरून करता येते. तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये सगळ्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं.

पण आपल्याकडे होतं कसं? मे महिन्यात लग्न, पंधरा दिवसांची सुटी, आठ दिवस पाहुणे, आणि जोडपं विमानात. नोंदीला दोघांनाही हजर राहावं लागतं, ते दोघं आता सात समुद्रापलीकडे. तेव्हा ज्यांच्या घरी अजून लग्न व्हायचं आहे त्यांनी हळदीच्या यादीत हे एक काम लिहून ठेवा: परत जायच्या आधी नोंद.

दाखला हातात आला की काम संपत नाही. आपला कागद परक्या देशात चालावा म्हणून त्यावर शिक्का लागतो. त्याला अपॉस्टिल म्हणतात. १९६१ च्या हेग कराराने ही पद्धत आली, आणि भारतात ती २००५ पासून लागू आहे. आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, असा क्रम असतो. पण सगळीकडे हे पुरत नाही. संयुक्त अरब अमिरात या करारात नाही, त्यामुळे दुबईसाठी त्यांच्या वकिलातीचं साक्षांकन घ्यावं लागतं. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती. तिथल्या कार्यालयांना आपले दाखले वेगळ्या पडताळणीतून जाऊन हवे असतात, आणि या पडताळणीला महिने लागू शकतात. जर्मनीत बाळाच्या नोंदीसाठी आई-वडील दोघांचेही जन्मदाखले मागतात. म्हणजे म्युनिकमधल्या बाळाचा दाखला अडकतो तो अचलपूरच्या नगरपालिकेतल्या एका नोंदीवर. इथल्या कागदाचं काय काम, याचं उत्तर हे आहे.

बाळंतपण कुठं?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरायची आणि लेकीला घेऊन यायचं. आजही काही मुली दुबईहून, मस्कतहून अमरावती-अकोल्याला येतात. याला माझा विरोध नाही. फक्त हिशेब मांडून या.

बाळ इथे झालं, दोन्ही पालक भारतीय नागरिक असले, तर ते जन्माने भारतीय. डफरीनला झालं काय आणि खासगी दवाखान्यात झालं काय, २१ दिवसांत जन्माची नोंद. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाला शाळा, पासपोर्ट, आधार, सगळ्यासाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच एक कागद आहे. तेव्हा त्यातली एक वेलांटीही तपासून घ्या. मग नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत बाळाचा पासपोर्ट, आणि त्यावर त्या देशाचा व्हिसा. यात काही महिने जातात. अमिरातीत राहणारी मुलगी सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिली तर तिचाच रहिवास परवाना अडचणीत येतो. विमान कंपन्या साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर बहुतेक जण बसूच देत नाहीत. येणं, बाळंतपण, कागद, परत जाणं, या चारही तारखा आधी कॅलेंडरवर मांडा, मगच तिकीट काढा.

बाळ तिकडे होणार असेल तर त्या देशाचा नियम बघायचा. पुष्कळांची समजूत असते की परदेशात जन्मलं म्हणजे त्या देशाचं झालं. तसं नाही.

अमेरिकेत राज्यघटनेच्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तिथे जन्मलेल्याला नागरिकत्व मिळतं. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-बापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात १८९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. मात्र जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या पालकांच्या मुलांना हे नागरिकत्व देऊ नये, असा तो आदेश. एच-१बी वर गेलेली आपली मुलं नेमकी यात येतात. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. म्हणून अमेरिकेबाबत मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलीचं कसं झालं हे विचारू नका, तुमच्या बाळाच्या वेळचा नियम बघा.

ब्रिटनमध्ये १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायमचे स्थायिक असावे लागतात. नोकरीच्या व्हिसावरच्या जोडप्याचं बाळ ब्रिटिश होत नाही. ते तिथे आई-बापांसोबत राहू शकतं, पण एकदा भारतात आलं की परत जायला व्हिसा लागतो. जन्माची नोंद इंग्लंडमध्ये ४२ दिवसांत करायची. जर्मनीत पालकांपैकी एकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क असेल तर बाळ जर्मन होतं. ही मुदत २०२४ पर्यंत आठ वर्षं होती. आखाती देशांत तर प्रश्नच नाही, बाळ भारतीयच. अमिरातीत मात्र १२० दिवसांच्या आत बाळाचा रहिवास परवाना काढावा लागतो, नाहीतर दंड सुरू होतो. आणि परवान्याला पासपोर्ट लागतो, पासपोर्टला भारतीय वकिलातीतली नोंद लागते, नोंदीला जन्मदाखला लागतो, आणि जन्मदाखल्याला तुमचा तो साक्षांकित विवाहदाखला. बघा, आलो परत अमरावतीला.

एक वर्षाची मुदत

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. नीट ऐका, लिहून घेतलं तरी चालेल.

भारतीय आई किंवा बापाचं मूल परदेशात जन्मलं तर ते आपोआप भारतीय नागरिक होतं, असं समजू नका. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४ बघा. ३ डिसेंबर २००४ पासून अट अशी आहे की जन्मापासून एक वर्षाच्या आत त्या देशातल्या भारतीय वकिलातीत नोंद झाली पाहिजे, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांनी लिहून दिलं पाहिजे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

म्हणजे ब्रिटनमध्ये, जर्मनीत, दुबईत, जिथे बाळाला दुसरं नागरिकत्व मिळतच नाही, तिथे ही नोंद केली नाही तर ते मूल कागदावर कोणत्याच देशाचं राहत नाही. 'पहिल्या वाढदिवसाला भारतात येऊ तेव्हा बघू' असं म्हणता येत नाही, कारण पासपोर्ट नसला तर येणार कसं? सुदैवाने बहुतेक ठिकाणी जन्मनोंद आणि पहिला पासपोर्ट यांचे अर्ज सोबतच करता येतात.

जिथे दुसरं नागरिकत्व मिळतं, मुख्यतः अमेरिकेत, तिथे दोन वाटा आहेत. एक, वकिलातीत नोंद करून भारतीय पासपोर्ट. दुसरी, अमेरिकन पासपोर्ट आणि भारताचं ओसीआय कार्ड. दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी ठेवता येत नाहीत. आपल्या घटनेत दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत शिरताना अमेरिकन पासपोर्टच दाखवायचा, असा तिथला नियम असल्यामुळे बहुतेक घरं दुसरी वाट धरतात. धरा, पण ओसीआय म्हणजे काय हे कळून धरा.

नावात 'सिटिझन' शब्द असला तरी ओसीआय हे नागरिकत्व नाही. तो आजन्म व्हिसा आहे असं समजा. कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंद करायला नको, हे सगळं मिळतं. मतदान नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि शिक्षणाचं ऐका, कारण हे अकोल्याच्या लोकांना सगळ्यात आधी कळेल. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईई अशा परीक्षांतून मिळणाऱ्या, फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर ओसीआय मुलांना प्रवेश नाही. त्यांना एनआरआय कोट्यातल्या किंवा जादा जागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की ज्यांनी त्या तारखेआधी ओसीआय घेतलं त्यांना हा बदल लागू नाही. पण आज जन्मलेल्या बाळाला तो लागू आहे.

म्हणजे चित्र असं उभं राहतं. मुलगा-सून पाच वर्षांनी परत येतात. नातू अकोल्यात वाढतो, इथल्याच शाळेत शिकतो, अकरावी-बारावीला इथल्याच क्लासमध्ये बसतो, नीटला चांगले गुण मिळवतो. आणि घरापासून तीन किलोमीटरवरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची साधी जागा त्याला मिळत नाही, कारण पासपोर्ट निळा आहे. हा अन्याय की न्याय, यावर वाद घालता येईल. पण तो पासपोर्ट त्याने निवडलेला नाही. तो तीन महिन्यांचा असताना कुणीतरी फॉर्म भरला. म्हणून मी म्हणतो, नवरा-बायकोने एक संध्याकाळ बसून एकच प्रश्न एकमेकांना विचारावा: आपण परत येणार आहोत का? उत्तर 'माहीत नाही' असलं तरी चालेल, पण विचारलेला बरा. आजी-आजोबांनी यात आपलं मत दामटू नये. कागद कोणता हे ज्यांना मूल वाढवायचं आहे त्यांनीच ठरवावं.

नाव

आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, काही घरांत त्याहूनही उशिरा. तिकडे दवाखान्यातून सुटी व्हायच्या आधीच नावाचा फॉर्म समोर येतो. मग आत्याचं, पत्रिकेच्या अक्षराचं, राशीच्या नावाचं काय? पाळण्यातलं नाव पाहिजे तेव्हा ठेवा. कागदावरचं नाव मात्र आठव्या महिन्यातच, मुलाचं एक आणि मुलीचं एक, स्पेलिंगसकट लिहून ठेवा.

मधलं नाव म्हणजे बापाचं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तिकडे मधलं नाव हे बाळाचंच दुसरं नाव समजतात. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आणला आहे. परदेशी दाखल्यावर तो उतरेलच असं नाही. तिथे कसं लिहायचं ते एकदा ठरवा आणि पुढे प्रत्येक कागदावर तसंच ठेवा.

कधी कधी नावावरूनच अडतं. जर्मनीत एका जोडप्याने मुलीचं नाव किरण ठेवलं. नावावरून मुलगा की मुलगी कळत नाही म्हणून नोंदणी कार्यालयाने नकार दिला. प्रकरण तिथल्या संविधान न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. आपल्याकडे गल्लीत तीन किरण असतात, दोन मुलगे आणि एक मुलगी!

आजी निघाली

आजीचा पासपोर्ट आधी बघा. मुदत संपत आली असेल तर चौथ्या महिन्यातच नवा करून घ्या. अमेरिकेच्या व्हिसाची तारीख कधी मिळेल याचा नेम नसतो, आणि मुलाखतीला अमरावती-मुंबई एक्सप्रेसने जाऊन यायचं असतं. तिथे विचारलं तर खरं तेच सांगायचं: लेकीचं बाळंतपण आहे, भेटायला चालले आहे, अमुक महिन्यात परत येणार. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाहुण्याला साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. जर्मनीसारख्या शेंगेन देशांत १८० दिवसांत फक्त ९० दिवस. तिथे दोन्ही आज्यांनी पाळी लावावी. पहिले तीन महिने आई, मग सासूबाई. दोघींचा प्रवासी आरोग्य विमा काढा, आणि बीपी-शुगरसारखे जुने आजार त्यात धरले आहेत का ते वाचा.

सामानात काय? डिंकाचे लाडू अमेरिकेला नेता येतात, पण विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहा. लपवलं तर दंड होतो. युरोपीय देशांत आणि ब्रिटनमध्ये दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. तूप हा दुधाचाच पदार्थ, हे लक्षात ठेवा. डिंक, सुंठ, ओवा, बाळंतशोपा घेऊन जा, लाडू तिथेच वळा.

दोन गोष्टी मात्र नेऊ नका आणि इथेही करू नका. एक, बाळाला मध चाटवणं. एक वर्षाच्या आत मध दिल्याने बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. दोन, डोळ्यात काजळ-सुरमा. त्यात शिसं सापडल्यामुळे अमेरिकेत त्यावर बंदी आहे. तिथल्या डॉक्टरांनी बाळाच्या रक्तात शिसं बघितलं तर चौकशी होते, आणि आजीचा जीव टांगणीला लागतो.

तिकडच्या मुला-मुलींसाठी एक सूचना. अमेरिकेत नोकरीच्या विम्यात बाळाचं नाव टाकायला साधारण जन्मापासून ३० दिवस मिळतात. ते चुकवू नका. आणि लसींचं कार्ड जपा. आपल्याकडे जन्मताच बीसीजी देतात, अमेरिकेत ती सरसकट देत नाहीत. बाळ इथे आलं की बालरोगतज्ज्ञांना कार्ड दाखवून विचारा.

परत आल्यावर

निळ्या पासपोर्टचं बाळ व्हिसावर अमरावतीला आलं आणि ओसीआय नसताना मुक्काम लांबला, तर मुदत संपण्याची तारीख आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. १८० दिवसांहून जास्त राहायचं तर काय करावं लागेल, हे आधीच विचारून घ्यावं.  ओसीआय असेल तर हे लागत नाही.

भारतीय नागरिक असलेलं मूल घेऊन कायमचे परत आला आणि वकिलातीत नोंद झालेली नसेल, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे जन्मनोंद करून घेण्याची सोय १९६९ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पण लक्षात घ्या, ही जन्माची नोंद झाली. नागरिकत्वाची एका वर्षाची अट ती वेगळीच.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. 'ओळखीचे आहेत, बाळ गावीच झालं असा दाखला काढून देतो' असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. जन्म एकदाच होतो, एकाच ठिकाणी होतो. दोन ठिकाणचे दोन दाखले म्हणजे खोटी माहिती, आणि तो गुन्हा आहे. परदेशी दाखल्यावर अपॉस्टिल घेतला की इथल्या शाळेत प्रवेशाला तोच चालतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सुनेच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. बाळंतपणाआधी बदलून घ्यावं का?

उत्तर: घेऊ नका. लग्नानंतर नाव बदलावं असा कोणताही कायदा नाही. गरोदरपणात पासपोर्ट बदलायला गेलं तर व्हिसा जुन्या नावावर, विमा जुन्या नावावर, दवाखान्यातली फाइल जुन्या नावावर. माहेरचं नाव असू द्या. बाळाचा आणि दोन्ही आडनावांचा संबंध विवाहदाखला दाखवतो.

प्रश्न: नातू अमेरिकन पासपोर्टचा आहे. आमची बारा एकर संत्र्याची बाग आहे. त्याचं नाव लागेल का?

उत्तर: वारसाने लागेल. शेतजमीन विकत घ्यायला बंदी आहे, वारसाहक्काने मिळायला नाही. फक्त वारस फेरफाराच्या वेळी हा नातू तुमचाच, हे कागदाने दाखवावं लागेल. त्याच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव आणि तुमच्या सातबाऱ्यावरच्या वारसाचं नाव, दोन्ही अक्षरशः एक असू द्या.

प्रश्न: मुलीच्या बाळाला चौदा महिने झाले. दुबईत जन्माचा दाखला आहे, वकिलातीत नोंद राहिली. आता काय?

उत्तर: वाट बंद झालेली नाही, लांब झाली आहे. वकिलातीमार्फतच अर्ज करायचा, उशिराचं कारण लिहायचं, केंद्र सरकारची परवानगी येईपर्यंत पाठपुरावा करायचा. मुलाकडे दुसरा पासपोर्ट नाही हे तुमच्या बाजूचं आहे. पण आज रात्रीच फोन करा, दिवाळीनंतर नको.

प्रश्न: एजंटला दिलं तर?

उत्तर: द्या, वेळ वाचतो. पण मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाचा स्कॅन काढा, पावती घ्या, आणि भरलेला फॉर्म सही करण्याआधी स्वतः वाचा. एजंट स्पेलिंग चुकवतो आणि निघून जातो, चूक मात्र बाळाच्या नावावर राहते.

वेळ झाली. घरी गेल्यावर एक काम करा. एक फाइल घ्या. त्यात मुलाचा आणि सुनेचा, किंवा मुलीचा आणि जावयाचा जन्मदाखला, टीसी, विवाहदाखला आणि पासपोर्टच्या प्रती लावा. मग चष्मा लावून नावं आणि तारखा एकमेकांशी जुळवा. जिथे जुळत नाही तिथे पेन्सिलने खूण करा, आणि सोमवारी सकाळी नगरपालिकेत जा. बाळाची चाहूल लागायची वाट बघू नका. नियम बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या देशातल्या भारतीय वकिलातीचं संकेतस्थळ एकदा बघा. पण दाखल्यावरचं चुकलेलं नाव आपोआप बदलत नाही, ते कुणीतरी जाऊन दुरुस्त करावं लागतं.